चिंचेखालचं हापीस

मीटिंगमध्ये हात वर करू नये, हे शहाणपण माणसाला मीटिंग संपल्यावर सुचतं. हिम्मतरावांनी तर हात वर केला होता तो पंखा जरा कमी करा म्हणायला. त्यांच्या मानेला वारं बाधतं. पण नेमके त्याच वेळी कॉलनीचे अध्यक्ष विचारत होते की पार्क वाचवायची जबाबदारी कोण घेतो. सगळ्यांच्या माना हिम्मतरावांकडं वळल्या आणि टाळ्या पडल्या. टाळ्या पडल्यावर "नाही हो, मी पंख्याचं म्हणत होतो" असं सांगणारा माणूस अजून जन्माला यायचाय. निदान हिम्मतरावांच्या खानदानात तरी झालेला नाही. त्यांनी हात तसाच वर ठेवला आणि चेहऱ्यावर फार विचार करून निर्णय घेतल्याचा भाव आणला.

आता पार्काला झालं होतं काय, ते सांगतो. हैदराबादच्या विद्यानगरातल्या या कॉलनीचा पार्क म्हणजे काही मोठी बाग नव्हे. चालायला एक गोल रस्ता, चार बाकडी, व्यायामशाळा म्हणून कुणीतरी बांधलेली आणि कुणीच न वापरलेली एक शेड, आणि मधोमध चिंचेचं थोरलं झाड. बागखात्यानं कळवलं की पाणी, माळी, दिवे यांचा खर्च यापुढं पार्कानं स्वतः कमवावा. पार्कानं कमवायचं म्हणजे काय करायचं, चिंचा विकायच्या? तर नाही. दुकान चालणार नाही, हॉटेल चालणार नाही, देवळाचं तर नावच काढू नका. एकच गोष्ट चालणार होती, ती म्हणजे 'क्रिएटिव्ह वर्कस्पेस'. शेडमध्ये टेबलं मांडा, कलावंत मंडळी भाडं भरून बसतील, झाडाकडं बघत काहीबाही निर्माण करतील, आणि त्या भाड्यावर माळी जगेल. दसऱ्यापर्यंत हे जमलं तर ठीक, नाहीतर चिंचेसकट अर्धा पार्क शेजारच्या फंक्शन हॉलला गाड्या लावायला द्यायचा असं ठरलं होतं.

त्या चिंचेवर हिम्मतरावांचा जीव होता. पाटबंधारे खात्यातून सुपरिंटेंडंट म्हणून रिटायर झाल्यापासून त्यांचं निमूटपणे ऐकून घेणारं ते एकच झाड उरलं होतं. घरी पद्मावतीबाई होत्या, पण फोडणीत मोहरी कधी टाकावी, हे इतक्या वर्षांनी नवऱ्यानं पाठीमागं उभं राहून सांगावं, अशी त्या माउलीची काही मागणी नव्हती. तेव्हा चिंच तोडून तिथं वऱ्हाड्यांच्या मोटारी उभ्या राहणार, या कल्पनेनंच हिम्मतरावांच्या घशाखाली घास उतरेना. हात चुकून वर गेला असेल, पण आता तो खरोखरच वर होता.

कामाला लागायचं म्हटल्यावर सल्ले सुरू झाले. कॉलनीत पाण्याचा टँकर वेळेवर येत नाही, पण सल्ला वेळेवर येतो. मुलगा गौतम हायटेक सिटीत नोकरीला. त्यानं सांगितलं की हल्लीचे लोक टेबल-खुर्चीवर बसत नाहीत, जमिनीवर मोठाल्या मऊ बॅगा टाकायच्या, त्यात माणूस रुतून बसला की आयडिया येतात. हिम्मतरावांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले की पोत्यावर बसून काम मोंढ्यातले, धान्याच्या बाजारातले हमाल करतात, आणि तेही दुपारी जेवायच्या सुट्टीतच बसतात. मुकुंदराव म्हणजे काचीगुड्याच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीतून निवृत्त झालेले शेजारी. त्यांचं मत पडलं की इराणी चहा ठेवल्याशिवाय हैदराबादेत कला होऊच शकत नाही. पुण्याहून मुलाकडं राहायला आलेले शशिकांत प्राध्यापक होते. त्यांनी सुचवलं की रोज सकाळी एक व्याख्यान ठेवावं, विषय ते स्वतः देतील आणि व्याख्यानही तेच देतील. शेवटी मुकुंदराव म्हणाले, हे काही व्हायचं नाही, फुकट घाम गाळू नका. हे वाक्य हिम्मतरावांना लागलं. नाही व्हायचं म्हणजे काय?

मग परवानगीचे हेलपाटे. शेड इमारत विभागात, तिच्यावरची वायर वीज विभागात, आणि फांदी शेडवर टेकत होती म्हणून चिंच वृक्ष विभागात, असं त्या एवढ्याशा जागेचं तीन ठिकाणी सासर होतं. आयुष्यभर खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेला माणूस पहिल्यांदाच बाहेरच्या बाजूला, उन्हात, टोपी घालून उभा राहिला. अपमान तर वाटलाच. पण अडवणूक इतकी सफाईदार होती की मधूनमधून त्यांना कौतुकही वाटायचं. 'साहेब जेवायला गेलेत' हे वाक्य पावणेअकराला म्हणायला छाती लागते. ती आपल्याकडंही नव्हती, हे त्यांनी मनोमन कबूल केलं.

अर्ज घेणाऱ्या कारकुनानं विचारलं, "क्रिएटिव्ह बोलेतो क्या काम, साब?"

हिम्मतराव जरा अडखळले आणि म्हणाले, "जिस काम का कुछ भरोसा नै रहता, वो."

कारकुनाला हे पटलं. त्यानं ते जसंच्या तसं लिहून घेतलं आणि अर्ज पुढं सरकला.

शेड मिळाली. आता मांडणी. इथं हिम्मतरावांनी अशी चूक केली की जी फक्त त्यांच्यासारखाच माणूस करू शकतो. काम करायची जागा म्हणजे काय, हे त्यांना एकाच प्रकारे ठाऊक होतं. मलकपेठेत एक जुनी कचेरी मोडीत निघाली होती. तिथून त्यांनी टेम्पोभर सामान आणलं. काच घातलेली लाकडी टेबलं, काचेखाली हिरवं कापड, वेताच्या खुर्च्या, करकरणारं लोखंडी कपाट, टोप्या अडकवायची खुंटाळी, पेपरवेट, आणि डोक्यावर टिचकी मारली की टिंग वाजणारी घंटा. दारापाशी स्वतःचं टेबल ठेवलं, समोर येणाऱ्यांसाठी एक खुर्ची, आणि भिंतीवर घड्याळ. सगळं लावून झाल्यावर हिम्मतराव मधोमध उभे राहिले आणि त्यांचे डोळे भरून आले. गौतमनं बघितलं आणि तो फक्त "बाबा..." म्हणाला. मग गाडी काढून कामावर गेला.

तरी सुरुवातीला पोरं आली. जागा झाडाखाली, भाडं बेताचं. पुस्तकांची चित्रं काढणारी रेणू आली, एक कविता करणारा मुलगा आला, कपड्यांची डिझाइनं काढणाऱ्या दोघी आल्या. हिम्मतरावांनी त्यांना काही कमी पडू दिलं नाही. दर अर्ध्या तासानं ते प्रत्येकाच्या पाठीशी जाऊन उभे राहत आणि काम कुठवर आलं ते विचारत. रेणूनं काढलेल्या हत्तीला एकच दात का, याची त्यांनी लेखी नव्हे, पण तोंडी विचारणा केली. कवी खिडकीबाहेर बघत बसलेला दिसला, तेव्हा त्यांनी हळूच घंटा वाजवली. पुढं तो बघायला लागला की ते वाजवायचे, आणि आठवड्याभरात त्या पोराची अशी गत झाली की कुठंही टिंग वाजलं की तो दचकून कागदाकडं बघायचा. तो कवी अजून लिहितो की नाही, देव जाणे.

एकेक करून सगळी गळाली. शेवटची रेणू. बोलायला गोड पोरगी, जाताना हिशोब चुकता करून अगदी आदरानं म्हणाली, "अंकल, इथं बसलं ना, की मला कुणाची तरी फाइल अडवून ठेवावी असं फील होतं. मी हत्ती काढायला घेते आणि अर्ज निघतो."

हिम्मतराव त्या दिवशी घरी येऊन तसेच पानावर बसले. पद्मावतीबाईंनी दोनदा विचारलं, भाजीत मीठ कमी आहे का. त्यावरही ते काही बोलले नाहीत, तेव्हा मात्र बाईंना काळजी वाटली. दुसऱ्या दिवशी पार्कात फंक्शन हॉलची माणसं फीत घेऊन चिंचेच्या बुंध्यापर्यंत मापं घेत होती. किती मोटारी बसतील ते ती मोठ्यानं मोजत होती, आणि हिम्मतराव रिकाम्या शेडच्या दारात बसून ते ऐकत होते.

अशात मुकुंदराव आले. ते आले होते टोमणा मारायला, हे उघड होतं. ते चेहऱ्यावर तोंडी लावणं घेऊनच आले होते. पण उभ्यानं टोमणा मारण्यात मजा नाही म्हणून एका टेबलाशी बसले. बसल्यावर हात आपोआप काचेवर गेला. पेपरवेट गोल फिरवून पाहिलं. खण उघडून पाहिला. घंटेवर टिचकी मारली, मग आणखी एकदा मारली. टोमणा तसाच राहिला. उठताना त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं, "उद्या किती वाजता उघडता?"

दुसऱ्या दिवशी दहाला मुकुंदराव इस्त्रीचा शर्ट घालून हजर. हातात जेवणाचा डबा. त्यांच्या पाठोपाठ दोन दिवसांनी शशिकांत 'नुसतं बघायला' आले ते संध्याकाळी गेले. मग एक निवृत्त हेडमास्तर, एक रेल्वेतले, असं करत करत सगळी टेबलं भरली. बारा वर्षं कुणी 'साहेब' म्हटलं नव्हतं, अशी माणसं एकमेकांना साहेब म्हणू लागली. एक वाजता डबे उघडत, लोणच्यांची देवाणघेवाण होई, आणि दोनला सगळे पुन्हा आपापल्या जागी. काम काय करत? मुकुंदराव काचीगुड्याहून नांदेडला जायचे नवेनवे मार्ग काढत, कुठं गाडी बदलायची, कुठं थांबायचं. शशिकांत संपादकांना पत्रं लिहीत. हेडमास्तर डोळे मिटून चिंतन करत, त्याचा आवाज मात्र सगळ्या शेडभर येई. आणि त्या सगळ्यांवर हिम्मतराव देखरेख करत. इतकी सुखी माणसं विद्यानगरात दुसरीकडं कुठं नव्हती.

आणि भाडं? अहो, महिना उजाडायच्या आधी. पद्मावतीबाईच पाकिटं आणून हातात ठेवत, मुकुंदरावांकडून आलंय, शशिकांतांकडून आलंय म्हणत. कॉलनीच्या गणपतीला वर्गणी देताना ज्यांच्या घरात नेमकं कुणी नसतं, ते मुकुंदराव आगाऊ भाडं भरतात, हे बघून हिम्मतरावांची छाती फुगली. कारभार चोख असला की चिक्कू माणूसही सुधारतो, असं ते चिंचेला सांगत. माळ्याचा पगार निघाला, नळ दुरुस्त झाला, दिवे लागले.

दसऱ्याच्या आधी बागखात्याचे यादगिरी साहेब तपासणीला आले. त्यांची जीप फाटकाशी थांबली तेव्हा हिम्मतराव कडक कपड्यांत स्वागताला उभे होते. साहेबांनी आत पाऊल टाकलं. खुंटाळीवरच्या टोप्या पाहिल्या, कपाट पाहिलं, काचेची टेबलं पाहिली, आणि ते अस्वस्थ झाले. त्यांना वाटलं आपण चुकून आपल्याच कचेरीत परत आलो.

"ये तो ऑफिस है, साब," ते म्हणाले. "पार्क में ऑफिस नै चलता."

हिम्मतरावांनी घाम पुसत सांगितलं की दिसायला हापीस असलं तरी आतून क्रिएटिव्ह आहे. मग साहेब टेबलाटेबलाशी गेले. मुकुंदरावांना विचारलं, "आप क्या बनारे?"

"रस्ता," मुकुंदराव म्हणाले.

"किधर का?"

"नांदेड का."

"कब जारे?"

"जानाच नै है."

यादगिरी साहेबांनी त्यांच्याकडं टक लावून पाहिलं आणि पुढच्या टेबलाशी गेले. तिथं शशिकांतांनी आपलं पत्र पहिल्यापासून वाचायला घेतलं, तेव्हा साहेबांनी हात जोडले. हेडमास्तरांपाशी ते थांबलेच नाहीत. मग कुणाचंही मन दुखवायचं नाही अशा बेतानं त्यांनी विचारलं की भाडं तरी कोण देतं. हिम्मतरावांनी अभिमानानं मुकुंदरावांकडं बोट दाखवलं.

"मी?" मुकुंदराव म्हणाले. "मी कुठं भरतो? मला वाटलं फुकट आहे."

शशिकांतांनाही तसंच वाटलं होतं. सगळ्यांनाच. शेडमध्ये अशी शांतता पसरली की हेडमास्तर जागे झाले. यादगिरी साहेबांनी मान हलवत पेन काढलं. हिम्मतरावांना त्या पेनाची जात पाठ होती. असं पेन उघडलं की काय लिहिलं जातं, हे त्यांनी जन्मभर स्वतःच लिहिलेलं. त्यांनी दाराबाहेर चिंचेकडं पाहिलं आणि त्यांचा सगळा ताठा गळाला.

"साब," ते म्हणाले, "गलती मेरी है. मेरे को ऑफिसच आता, और कुछ नै आता. वो पेड को सजा मत देओ."

तोवर जीप आल्याची बातमी कॉलनीभर झाली होती. पद्मावतीबाई शेडच्या दारात येऊन उभ्या होत्या. मागं शशिकांतांच्या मंगलाताई, मुकुंदरावांच्या त्रिवेणीबाई आणि बाकीच्याही. पद्मावतीबाईंच्या हातात सूप होतं आणि त्यावर पदर झाकलेला. आयुष्यात त्या कधी कुठल्या साहेबाशी बोलल्या नव्हत्या. आताही त्या घाबरलेल्याच होत्या.

"पैसे आम्ही भरतो," त्या आधी नवऱ्याला म्हणाल्या. मग साहेबांकडं वळल्या. "साब, ये लोगां इधर क्या बनाते, पूछरे ना आप? ये कुछ नै बनाते. ये इधर बैठते, तो हम उधर बनाते."

त्यांनी पदर बाजूला केला. सुपात बाहुल्या होत्या. दसऱ्याला इकडं तेलुगू घरांतून मांडतात तशा, पण कागदाच्या लगद्याच्या आणि सगळ्या आपल्या मराठी मुलखातल्या. भुईमुगाच्या शेंगा तोडणाऱ्या बाया, मोंढ्यातला हमाल, बैलाच्या पाठीवर झोपलेला पोर. आणि एक टेबलाशी बसलेला, टोपी घातलेला, दुसऱ्याच्या कागदात नाक खुपसून बघणारा माणूस. तो कोण, हे कुणाला विचारावं लागलं नाही. मुकुंदराव मनापासून हसले, इतक्या महिन्यांचं राहिलेलं हसणं त्यांनी वसूल करून घेतलं. मंगलाताईंनी गुंडाळी सोडली, त्यात पाण्याच्या रंगातली चिंच होती, सकाळची आणि संध्याकाळची. लग्नाआधी सोडलेले रंग त्यांनी आता पुन्हा हातात घेतले होते. त्रिवेणीबाई तर कागदावर नाही, गळ्यावर काम करत होत्या. त्यांनी दोन ओळी म्हणून दाखवल्या आणि मुकुंदरावांचं हसणं थांबलं. इतकी वर्षं एका घरात राहून ही बाई गाते हे त्यांना ठाऊक नव्हतं.

दिवसभर घर रिकामं मिळतं, पद्मावतीबाई सांगत होत्या, पाठीमागं कुणी उभं राहत नाही, चहा कुणी मागत नाही. त्यासाठी घरखर्चातून काढून भाडं भरतो, आणि ते आम्हांला स्वस्त पडतं. हे बंद करू नका.

यादगिरी साहेबांनी योजनेचा कागद काढून पुन्हा वाचला. या जागेमुळं वस्तीत क्रिएटिव्ह काम व्हायला पाहिजे, असं त्यात होतं. ते कुठं बसून व्हायला पाहिजे, याबद्दल कुणी काही लिहिलेलं नव्हतं. साहेबांनी पेन मिटलं. वरच्यांना विचारून कळवतो म्हणाले. टोपीवाली बाहुली उचलून तिच्याकडं बराच वेळ पाहिलं, आणि जीपमध्ये बसता बसता हिम्मतरावांना बाजूला घेऊन विचारलं की पुढच्या वर्षी एखादं टेबल रिकामं होईल का. त्यांची रिटायरमेंट जवळ आली होती आणि घरी आत्तापासूनच जरा ताण होता.

पुढचे काही दिवस हिम्मतराव घुश्श्यात होते. आपण दिवसभर घराबाहेर राहावं म्हणून बायकोनं भाडं भरावं, ही गोष्ट कुणाही स्वाभिमानी माणसाला झोंबणारच. त्यांनी घरी दोनदा तसं बोलूनही दाखवलं. पद्मावतीबाई ऐकून घेत आणि सकाळी डबा भरून देत. हिम्मतरावही डबा घेऊन निघत, कारण स्वाभिमान आपल्या जागी आणि दहाचं हापीस आपल्या जागी.

आणि एका दुपारी साहेबांचा फोन आला. मंजुरी झाली होती. "पेड आपकाच है, साब," एवढं ऐकलं आणि हिम्मतराव खुर्चीतून उठले ते चपला नीट न घालताच निघाले. मुकुंदरावांनी काय झालं विचारलं, त्यांना उत्तरही दिलं नाही. आधी घरी सांगायचं होतं. हिम्मतरावांच्या पोटात गोष्ट राहत नाही, हे सगळ्या विद्यानगराला माहीत आहे; आणि ही तर केवढी गोष्ट. फाटक ओलांडून, गल्ली ओलांडून ते धापा टाकत घराशी आले आणि दार ढकलणार, तेवढ्यात खिडकीतून आत नजर गेली.

पद्मावतीबाई फरशीवर पसारा मांडून बसल्या होत्या. हातभर लगदा, कपाळावर रंगाचा फराटा, तोंडात दोऱ्याचं टोक. एका बाईच्या डोक्यावरची पाटी त्या बसवत होत्या आणि ती बसत नव्हती. त्या ती काढत, जरा लांबून बघत, स्वतःशीच काहीतरी म्हणत आणि पुन्हा लावत. हिम्मतराव बघत राहिले. पाटी किंचित उजवीकडं घ्यायला पाहिजे होती, हे त्यांना स्पष्ट दिसत होतं. तोंड उघडलंच होतं त्यांनी. मग बाईंच्या चेहऱ्याकडं लक्ष गेलं. इतकी वर्षं बघितलेला तो चेहरा, पण असा कधी बघितलेला नव्हता.

हिम्मतरावांनी तोंड मिटलं. पायातली चप्पल वाजू नये म्हणून ती हातात घेतली आणि ते गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत अनवाणी चालत गेले.

शेडमध्ये सगळे वाट बघत होते. मुकुंदराव म्हणाले, "काय हो, एवढे धावत गेलात, आणि लगेच परत? वहिनी घरी नाहीत की काय?"

"आहेत," हिम्मतराव आपल्या टेबलाशी बसत म्हणाले. "घरी काम चालू आहे. सहाशिवाय जाता येणार नाही."